पस्तीस किलो वायसरची तूट

दिवाळीच्या आधी वाघोलीच्या गोदामात फिजिकल घेतलं, म्हणजे माल प्रत्यक्ष तोलून कॉम्प्युटरशी पडताळला, तेव्हा एम-६ चे वायसर ३५ किलो कमी भरले. कॉम्प्युटर म्हणत होता १५० किलो, काटा म्हणत होता ११५. वायसर म्हणजे वॉशर, बोल्टच्या डोक्याखाली घालायची पातळ चकती. एम-६ म्हणजे सहा मिलिमीटरच्या बोल्टचा. बाजारात सगळे वायसरच म्हणतात, मीही तेच लिहिते.

व्यापारी नट-बोल्टचा. दुकान पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीपासून हाकेच्या अंतरावर. गोदाम वाघोलीला. गिऱ्हाईक बहुतेक भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांचं. माल किलोवर येतो आणि नगावर जातो. सगळं प्रकरण ह्या एका वाक्यात आहे, पण ते कळायला मला तीन आठवडे लागले. स्टॉकचं सॉफ्टवेअर आमचं होतं, आणि त्यातला एककांचा भाग मी लिहिला होता.

गोदाम सांभाळणारे काका तिथे अठरा वर्षं आहेत. तूट निघाल्यावर शेठ त्यांना काहीच बोलले नाहीत. फक्त त्या आठवड्यापासून संध्याकाळी गोदामाची किल्ली दुकानावर आणून द्यायची, असा निरोप गेला. मला हे काकांनी सांगितलं नाही. दुकानात हिशेब बघणाऱ्या वहिनींनी फोन केला आणि विचारलं, "तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये काही चुकत तर नसेल ना?" मी नाही म्हणाले. न बघता म्हणाले. ३५ किलो वायसर म्हणजे साडेतीन-चार हजारांचा माल, रक्कम काही फार नाही. पण माल कमी भरला की पहिला संशय माणसावर जातो, आणि सॉफ्टवेअरवाल्यांनी "आमच्याकडे सगळं बरोबर आहे" म्हटलं की त्या संशयावर शिक्का बसतो. तो शिक्का मी मारला होता. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

किलो हे मूळ एकक का ठेवलं

सॉफ्टवेअर १ एप्रिलला सुरू केलं. स्टॉक कोणत्या एककात ठेवायचा हा पहिला प्रश्न होता. खरेदीचं बिल किलोवर, भाव किलोवर, गोणीवरचं लेबल किलोचं. म्हणून ठरवलं की मूळ एकक किलो. विक्री नगात झाली की सॉफ्टवेअरने नगाला एका नगाच्या वजनाने गुणायचं आणि तेवढे किलो वजा करायचे. आयटम मास्टरमध्ये, म्हणजे प्रत्येक आयटमची कायमची माहिती असलेल्या यादीत, 'एका नगाचं वजन' हा कॉलम त्यासाठी होता.

त्या कॉलमला किती दशांश स्थळं द्यायची? किलोचे तीन दशांश म्हणजे ग्रॅम. गोदामातला काटाही तीनच दशांश दाखवतो. ग्रॅमच्या खाली कोण जाणार, असा विचार करून आम्ही वजनाच्या प्रत्येक कॉलमला तीन स्थळं दिली. स्टॉकला तीन, बिलाला तीन, आणि एका नगाच्या वजनालाही तीन.

चूक इथेच झाली, आणि ती दिसायला अगदी निरागस आहे. स्टॉकमधलं वजन ही एक मोजलेली राशी आहे. तिच्यात अर्ध्या ग्रॅमचा फरक पडला तर अर्ध्या ग्रॅमचाच पडतो. एका नगाचं वजन हा मात्र गुणक आहे. तो सहा महिन्यांत अडीच लाख नगांना गुणला जातो. त्याच्यातला फरकही अडीच लाखपट होतो. मोजलेल्या आकड्याला जी अचूकता पुरते ती गुणकाला पुरत नाही. हे वाक्य मी आता आमच्या नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगते.

एम-६ च्या त्या वायसरचं वजन १.१४ ग्रॅम. किलोत ०.००११४. तीन स्थळांच्या कॉलमने ते ०.००१ करून ठेवलं. एप्रिल ते सप्टेंबर ४०० किलो आले, २,५०,००० नग गेले. प्रत्यक्षात गेले २८५ किलो, सॉफ्टवेअरने वजा केले २५०. राहिलेले ३५ किलो कॉम्प्युटरवर तसेच पडून होते. गोदामात ते कधीच नव्हते.

तूट भागिले विक्री

हे मला लगेच सापडलं असं नाही. मी आधी नेहमीच्या जागा तपासल्या: दोनदा झालेल्या एंट्री, रद्द केलेली चलनं, एका आयटमच्या नावावर गेलेला दुसरा आयटम. एका बोल्टच्या दोन खोक्यांची आवक दोनदा चढली होती, तेवढी मिळाली. वायसरचं काही मिळेना.

मग गोदामात गेले. काकांनी फिजिकलचा कागद समोर ठेवला. हाताने लिहिलेला, प्रत्येक ओळीपुढे खूण केलेली. म्हणाले, "ताई, माल कुठं गेला मला ठाऊक नाही. पण हे बी बघा." आणि बोट दुसऱ्याच ओळीवर ठेवलं. एम-८ बाय २५ चा बोल्ट, १२ किलो जास्त. कॉम्प्युटरपेक्षा गोदामात बारा किलो माल जादा होता.

वाढीबद्दल त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. तूट निघाली की चौकशी होते, वाढ निघाली की 'बरं झालं' म्हणून पुढे जातात. पण चोरीने माल वाढत नाही. ज्या गोदामात काही आयटम कमी भरतात आणि काही जास्त, तिथे माणूस बघायच्या आधी हिशेब बघायला हवा.

घरी आल्यावर मी सदतीस आयटम घेतले आणि प्रत्येकाचा फरक भागिले विकलेले नग असा सोपा भागाकार केला. वायसरचं उत्तर आलं ०.१४ ग्रॅम प्रति नग. बोल्टचं उणे ०.२ ग्रॅम. बोल्टचं खरं वजन १४.८ ग्रॅम, कॉलममध्ये ०.०१५. साठ हजार नग विकले गेले. खरे ८८८ किलो, वजा झाले ९००. बारा किलो वाढ तिथून आली. आयटम जितका जड तितका हा फरक टक्क्यांत कमी होत गेला. वायसरला १२ टक्के, बोल्टला दीड टक्क्याच्या आत, आणि दीडशे ग्रॅमच्या मोठ्या बोल्टला जवळपास शून्य. फरक प्रत्येक नगामागे सारखा पडत असेल तर तो गुणकात आहे. हात मारणारा माणूस नगामागे ०.१४ ग्रॅम मोजून नेत नाही.

ज्यांच्याकडे असं गोदाम आहे त्यांनी हा भागाकार एकदा करून बघावा. दोन कॉलम आणि एक सूत्र, एक्सेलमध्ये दहा मिनिटांचं काम.

सर्वांत लहान एम-४ चा वायसर तर ०.३१ ग्रॅमचा. तीन दशांशांत तो ०.०००. म्हणजे हजारो नग विकले तरी स्टॉक हलायचाच नाही. हा दोष मे महिन्यातच लक्षात आला होता. दुकानातून आमच्याकडे फोन आला होता की ह्या आयटमचा स्टॉक उतरत नाही. आमच्याकडून सांगितलं गेलं, शून्याच्या जागी ०.००१ टाका. मग तो तिपटीहून जास्त उतरायला लागला, मायनसमध्ये गेला, आणि दर महिन्याला 'स्टॉक ॲडजस्टमेंट' टाकून सरळ केला जाऊ लागला. खूण डोळ्यांसमोर होती आणि आम्ही तिच्यावर पट्टी मारली.

काट्यापाशी

खरं वजन काढायला पुन्हा वाघोलीला गेले. काकांनी वीस वायसर मोजून काट्यावर टाकले. काटा ५ ग्रॅमच्या पायरीचा. त्याने २५ दाखवले. भागिले वीस, म्हणजे १.२५ ग्रॅम. मी तो आकडा वहीत लिहिणार इतक्यात काका म्हणाले, "थांबा, असं नाही." त्यांनी शंभर-शंभरच्या पाच ढिगाऱ्या केल्या. बोटांनी पाच-पाच नग सरकवत मोजण्याची त्यांची पद्धत आहे, ओठ न हलवता. पाचशे नग पत्र्याच्या घमेल्यात टाकले, घमेल्याचं वजन आधी शून्य करून घेतलं. काटा ५७० वर स्थिर झाला. १.१४.

ह्याचं गणित असं. ५ ग्रॅमच्या पायरीचा काटा अडीच ग्रॅम इकडेतिकडे सांगू शकतो. वीस नगांचं खरं वजन २२.८ ग्रॅम; त्यात अडीच ग्रॅमची चूक म्हणजे अकरा टक्के. पाचशे नगांत तीच चूक अर्ध्या टक्क्याच्या आत येते. दशांश स्थळं वाढवणं माझ्या हातात होतं, पण नमुना वीसचा घेतला असता तर सहा दशांश स्थळं असलेला चुकीचा आकडा साठवला असता, आणि तो जास्त खरा वाटला असता. काकांना हे कोणी शिकवलेलं नाही. पण मार्केट यार्डात हमालाइतकाच तोलणाराचा मान का असतो, हे त्या घमेल्यापाशी मला समजलं. तोल ही एक स्वतंत्र विद्या आहे.

आणखी एक गोष्ट तिथेच कळली. त्यांनी दुसऱ्या लॉटचे पाचशे घेतले, ते ५८० भरले. पुरवठादार वेगळा, जाडी जरा वेगळी. म्हणजे 'एका नगाचं वजन' हे आयटमचं नसतं, लॉटचं असतं. आमच्या आयटम मास्टरमध्ये ते एकदाच, कायमचं लिहिलेलं होतं.

माझी आजी धान्य पायलीने मोजायची. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर चुरमुरे एका वजनाचे असतील असं ती कधी म्हणाली नसती. किलो आणि ग्रॅम ह्यांचं नातं पक्कं आहे, ते सॉफ्टवेअरमध्ये एकदा लिहिलं की झालं. किलो आणि नग ह्यांचं नातं मालावर ठरतं आणि माल बदलला की बदलतं. ह्या दोन्ही प्रकारांना एकाच टेबलात 'रूपांतर' म्हणून ठेवणं ही आमची दुसरी चूक.

आजीच्या मापांवरून एक आठवलं, थोडं विषयांतर करते. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली, दोन अधोल्या म्हणजे पायली. सगळं दुपटीचं. कॉम्प्युटरमध्ये अपूर्णांक ठेवायची जी 'फ्लोट' नावाची पद्धत आहे तीही दोनाच्या भागांवर चालते. त्यामुळे शेराचा पाव म्हणजे चिपटं तिच्यात तंतोतंत बसतं. पण एक दशांश बसत नाही. ०.१ दहा वेळा मिळवलं तर फ्लोटमध्ये १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं. ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ दाखवते. हा कोणा कंपनीचा दोष नाही, १९८५ साली ठरलेल्या आयईईई ७५४ ह्या प्रमाणाप्रमाणेच जगभरची यंत्रं वागतात. आपलं सगळं मोजमाप आता दशमान असल्याने स्टॉकचा आकडा फ्लोटमध्ये ठेवू नये, 'डेसिमल' प्रकारात किंवा सरळ पूर्णांकात ठेवावा. आमच्या डेटाबेसमध्ये डेसिमलच होतं. मोबाइल ॲपमध्ये मात्र फ्लोट होतं. त्या ॲपचं पुढे येतंच.

नऊ सेंटिमीटर वायर

एकदा गुणकांच्या मागे लागल्यावर बाकीची खोडही दिसू लागली. हे शेठ थोडी घरगुती वायरही ठेवतात. बंडल ९० मीटरचं. स्टॉक बंडलात, विक्री मीटरात. तीस मीटर म्हणजे ०.३३३ बंडल. तिघांनी तीस-तीस मीटर नेली की ०.९९९ गेलं, आणि ०.००१ बंडल शिल्लक राहिलं. म्हणजे ९ सेंटिमीटर. रॅकवर काही नाही, पण कॉम्प्युटरवर स्टॉक शून्य नाही. त्यामुळे तो लॉट बंद होत नव्हता, आणि माल काढायच्या यादीत त्याच रॅकचं नाव पुन्हा पुन्हा येत होतं. गोदामातला पोरगा शिडी लावून वर चढायचा, हात फिरवायचा आणि उतरायचा. सहा महिने.

इथे उपाय सोपा होता, वायर पूर्णांक सेंटिमीटरमध्ये ठेवली. ९० मीटर म्हणजे ९,०००. तीन वेळा ३,००० गेले की शून्य, खरं शून्य. पण वायरचा खरा प्रश्न राउंडिंगचा, म्हणजे आकडा जवळच्या स्थळापर्यंत कापण्या-वाढवण्याचा, नाहीच. चार मीटरचा तुकडा आणि सहा मीटरचा तुकडा मिळून दहा मीटर होत नाही. स्टॉकमध्ये दहा मीटर दिसतात आणि गिऱ्हाइकाला द्यायला दहा मीटर नसतात. म्हणून प्रत्येक तुकडा वेगळा नोंदवावा लागला. त्यावर स्वतंत्र लिहिता येईल, इथे एवढंच.

ग्रोसचंही असंच. लाकडी स्क्रू ग्रोसवर जातो, ग्रोस म्हणजे १४४. आम्ही डझनला ०.०८३ ग्रोस धरलं होतं, बारा डझनांचे ०.९९६. आता डझन म्हणजे १२ नग, ग्रोस म्हणजे १४४ नग, दोन्ही थेट नगाशी जोडलेले, मधे साखळी नाही.

अर्धा खोका

एम-१६ चे बोल्ट पंचवीसच्या खोक्यात येतात. भोसरीचा एक गिऱ्हाईक नेहमी "अर्धा खोका द्या" म्हणतो. ॲपमध्ये ०.५ खोका टाकला की १२.५ नग. त्याचं पूर्णांकन कसं व्हावं?

मी तीन ठिकाणी तपासलं. ॲप जावास्क्रिप्ट ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आहे, तिथे १२.५ चे १३ होतात. सर्व्हर पायथनमध्ये आहे, तिथे १२ होतात, कारण पायथन बरोबर मध्यावर असलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतो. वहिनींच्या एक्सेलमध्ये १३. माल परत आला की आकडा उणे होतो, आणि मग जावास्क्रिप्ट उणे १२.५ चे उणे १२ करतं, एक्सेल उणे १३. म्हणजे ॲपवरून अर्धा खोका विकला आणि तोच परत घेतला तर १३ गेले, १२ आले, एक बोल्ट कागदावर हरवला.

ह्यातली कुठलीच पद्धत चुकीची नाही. सम संख्येकडे नेणारी पद्धत तर आपल्या भारतीय मानकात, आयएस २ मध्ये, दिलेली आहे. त्याच मानकात दुसरी एक सूचना आहे, ती मला जास्त महत्त्वाची वाटते: राउंडिंग सर्वांत अचूक आकड्यावरून एकाच टप्प्यात करावं, आधी थोडं मग अजून थोडं असं करू नये. २.४४९ जवळच्या पूर्णांकात आणायचं तर २. पण मध्यावरचा आकडा वर नेत आधी २.४५, मग २.५, मग ३ असं केलं की आकडा भलतीकडे जातो. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच होत होतं. ॲप एकदा राउंड करायचं, सर्व्हर पुन्हा करायचा, रिपोर्ट तिसऱ्यांदा.

पण अर्ध्या खोक्याच्या बाबतीत मला शेवटी वाटलं की इथे राउंडिंग करायचंच नाही. काकांनी हातात बारा बोल्ट उचलले की तेरा, हे त्यांना माहीत आहे. कॉम्प्युटरने अंदाज कशाला करायचा? आता ०.५ खोका टाकला की ॲप थांबतं आणि विचारतं, बारा की तेरा. आणि परतीचा माल नव्याने गुणला जात नाही, मूळ बिलाची ओळच उलटी नोंदवली जाते.

वहिनींचं 'राउंड ऑफ'

शेठना सगळं समजावून सांगायला दुकानात बसलो होतो. एवढ्याशा दशांशाने एवढा फरक कसा पडेल, हे त्यांना पटत नव्हतं. शेठ शेअर बाजार बघतात, म्हणून मी व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराचं सांगितलं. तिथे १९८२ च्या जानेवारीत नवा निर्देशांक १००० वर सुरू केला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने काढायचा आणि तीन दशांशांच्या पुढचं कापून टाकायचं, असा प्रोग्रॅम होता. १९८३ च्या नोव्हेंबरपर्यंत तो ५२४.८११ वर उतरला. हिशेब नीट केल्यावर तो १०९८.८९२ निघाला. बाजार वर गेला होता आणि निर्देशांक अर्ध्यावर आला होता. शेठ बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी फक्त विचारलं, "काकांना सांगितलं का?"

मार्ग मात्र वहिनींनी दाखवला. त्या म्हणाल्या, "बिलात आम्ही राउंड ऑफ लावतो. जीएसटीच्या कलमाप्रमाणे कर पूर्ण रुपयात आणतो, पन्नास पैसे किंवा जास्त असले तर वर, कमी असले तर सोडून. पण ते पैसे हवेत जात नाहीत. टॅलीत 'राउंड ऑफ' नावाचं खातं असतं, त्यात पडतात. वर्षाअखेरीस मला ते खातं दिसतं. तुमच्या मालाचं राउंड ऑफ कुठल्या खात्यात पडतं?"

कुठल्याच नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७० ने रुपयाचं राउंडिंग ठरवून दिलं आहे, आणि हिशेब लिहिणाऱ्यांनी शतकानुशतकं पै-पैला जागा दिली आहे. मालाच्या हिशेबात आम्ही तो फरक गिळून टाकला होता. आणि गिळलेला फरक शेवटी फिजिकलच्या दिवशी गोदामातल्या माणसाच्या नावावर निघाला, कारण त्याला पडायला दुसरं खातंच नव्हतं.

म्हणून आम्ही 'तोल-फरक' नावाचं खातं उघडलं. प्रत्येक आयटमचं वेगळं. एकक बदलताना जे काही कापलं किंवा वाढवलं जातं ते त्यात नोंदवलं जातं, तारीख आणि कागदासकट.

आता कसं चालतं

मूळ एकक नग. कारण गोदामात हातात येते ती गोष्ट नग आहे, तिचा अर्धा होत नाही. स्टॉक पूर्णांकात.

खरेदी किलोवर येते, तेव्हा बिलावरचे किलो जसेच्या तसे साठवले जातात. त्यांच्यावर कुठलंही गणित होत नाही. शेजारी लॉटचा नमुना दोन पूर्णांकांत लिहिला जातो: ५७० ग्रॅम, ५०० नग. भागाकार करून १.१४ लिहायचं नाही. १.१४ सरळ दिसतं, पण दुसरा एखादा नमुना ३०० नगांना ३४० ग्रॅम भरला की १.१३३३ वर कुठेतरी कापावंच लागतं. अपूर्णांक जसा मोजला तसाच ठेवला की कापायची वेळ शेवटीच येते, आणि एकदाच येते.

एक उदाहरण पूर्ण करते, कारण इथे आम्ही पुन्हा अडखळलो होतो. २५ किलोच्या चार गोण्या आल्या. एकूण १०० किलो, गुणिले ५०० भागिले ५७० ग्रॅम, म्हणजे ८७,७१९.३, धरले ८७,७१९ नग. पण प्रत्येक गोणीवर लेबल लावायचं होतं. एका गोणीचे २१,९२९.८, धरले २१,९३०. चौपट ८७,७२०. लेबलांची बेरीज आवकेपेक्षा एकाने जास्त. एक वायसर म्हणजे काय मोठंसं, असं मला स्वतःलाच वाटलं, आणि मग वाटलं की सुरुवातीला मी असंच म्हटलं होतं. आता आधी एकूण आकडा ठरतो आणि तो गोण्यांत वाटला जातो: तीन गोण्यांवर २१,९३०, चौथीवर २१,९२९. बेरीज जुळते.

विक्रीच्या बिलावर गिऱ्हाइकाने मागितलेलं एकक तसंच राहतं. जीएसटीच्या एककांच्या यादीत किलो, नग, डझन, ग्रोस, हजार अशी सगळ्यांना संकेताक्षरं आहेत, त्यामुळे बिल एका एककात आणि स्टॉक दुसऱ्या एककात असण्यात काही अडचण नाही. अडचण तेव्हा येते जेव्हा बिलावरचा मूळ आकडा टाकून देऊन फक्त रूपांतर झालेला आकडा ठेवतात. आमचं एवढं एक नशीब की आम्ही बिलावरचे नग सुरुवातीपासून जपले होते. त्यामुळे एप्रिलपासूनचा सगळा हिशेब नव्याने मांडता आला. जुन्या नोंदींना हात लावला नाही; आजच्या तारखेची दुरुस्तीची नोंद टाकली आणि तिच्यात कारण लिहिलं.

सदतीसपैकी चौतीस आयटमांचा फरक गुणकाने पूर्ण सुटला. एकाचा फरक दोनदा चढलेल्या आवकेमुळे होता, एक फरक एम-४ चा. एका आयटमच्या चार किलोंचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही, आणि ते तसंच अहवालात लिहून दिलं. सगळं राउंडिंगवर ढकलणं हेही खोटं झालं असतं.

अहवाल मी शेठना दिला आणि त्याची एक प्रत काकांना. त्यांच्यासमोर वाचली. ओळ होती: 'एम-६ वायसरची ३५ किलो तूट सॉफ्टवेअरमधील एका नगाच्या वजनाच्या राउंडिंगमुळे दिसली, प्रत्यक्ष माल कधीही कमी नव्हता.' त्यांनी कागदाची चार घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. मी माफी मागितली. ते म्हणाले, "चहा घेणार ना?" किल्ली त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे परत गेली.

मार्चअखेरच्या फिजिकलला एम-६ चे वायसर ६४० नग कमी भरले. मधल्या काळात १,८०,००० विकले गेले होते, म्हणजे साधारण ०.३६ टक्के. नमुन्याच्या तोलातून येऊ शकणाऱ्या फरकावरून आम्ही ह्या आयटमला अर्ध्या टक्क्याची मर्यादा ठरवली आहे. त्यामुळे तो फरक 'तोल-फरक' खात्यात गेला आणि कोणाला काही विचारावं लागलं नाही.

शेठनी आता गोदामासाठी एक छोटा काटा घेतला आहे, ०.१ ग्रॅमचा. नवा लॉट आला की काका आधी पाचशे नग मोजतात, तोलतात आणि गोणीला चिठ्ठी बांधतात. मागच्या महिन्यात गेले तेव्हा एक लॉट बाजूला काढून ठेवलेला होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ५०० नग, ५४५ ग्रॅम. एका नगाला १.०९. मी म्हटलं, हा आकडा असाच टाकू का सिस्टीममध्ये? काका म्हणाले, "टाकू नका अजून. जाडी कमी आली असणार, पुरवठादाराला फोन केलाय."